यकृतातील गाठ आणि एम. आर. आय. तपासणी

सोनोग्राफीच्या अहवालात ‘यकृतात गाठ’ हे शब्द वाचताच वैजापूर तालुक्यातील एखाद्या कुटुंबाचा धीर सुटावा, हे स्वाभाविक आहे. तथापि, प्रत्येक गाठ कर्करोगाची नसते. ती कशाची आहे हे ठरविण्यासाठी सोनोग्राफी अपुरी पडल्यास डॉक्टर एम. आर. आय. तपासणी सुचवितात. अशा रुग्णाला वैजापूरहून सुमारे ७५ किलोमीटरवरील छत्रपती संभाजीनगर गाठावे लागू शकते. म्हणून या तपासणीचे स्वरूप आधीच समजून घेणे हिताचे ठरते.

या तपासणीत क्ष-किरण वापरले जात नाहीत. प्रबळ चुंबकीय क्षेत्रात शरीरातील हायड्रोजनच्या अणुकेंद्रांकडून मिळणाऱ्या संकेतांपासून प्रतिमा तयार होते. या शोधाबद्दल पॉल लॉटरबर व पीटर मॅन्सफील्ड यांना २००३ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

एकाच यंत्रावर निरनिराळ्या पद्धतींनी प्रतिमा घेतल्या जातात. ‘टी-२’ प्रतिमेत पाणी उजळ दिसते. त्यामुळे साधी पाण्याची गाठ आणि रक्तवाहिन्यांची निरुपद्रवी गाठ ठळकपणे उठून दिसतात. दुसरी पद्धत विसरणाची. पेशींची दाटी असेल तेथे पाण्याच्या रेणूंची हालचाल मंदावते, व लहान गाठही नजरेस येते. परंतु पू भरलेले गळूही असेच दिसते. म्हणजे ही पद्धत गाठ शोधण्यास उत्तम, पण ओळखण्यास एकटी पुरेशी नाही. तिसऱ्या पद्धतीत गॅडोलिनियमयुक्त औषध शिरेतून देऊन क्रमाने प्रतिमा घेतात. रक्तवाहिन्यांची गाठ बहुधा कडेकडून आत हळूहळू भरत जाते. यकृताचा प्राथमिक कर्करोग बहुधा प्रथम झटकन उजळतो व नंतर फिका पडतो. ओळख पटविण्यात ही पद्धत सरस असली, तरी मूत्रपिंडे फार दुर्बल असल्यास औषध देण्यापूर्वी विशेष विचार करावा लागतो.

सारांश, कोणतीही एक पद्धत सर्वश्रेष्ठ नव्हे. सर्व प्रतिमा एकत्र वाचूनच निदान होते. श्वास हलल्यास प्रतिमा अस्पष्ट होते. म्हणून सूचनेप्रमाणे काही सेकंद श्वास रोखण्याचा सराव रुग्णाने करावा. जुने अहवाल सोबत न्यावेत. शरीरात पेसमेकर किंवा धातूचा तुकडा असल्यास, तसेच मूत्रपिंडाचा विकार असल्यास आधीच सांगावे. गावातील शिक्षक व पंचायत सदस्यांनी एवढे समजावून दिले, तरी रुग्णाची भीती व व्यर्थ हेलपाटा दोन्ही टळू शकतील.