सही आपली, निर्णयही आपला



बाळंतपणाच्या वॉर्डात आणि नंतर वस्तीवस्तीत काम करताना आम्ही एक प्रश्न हमखास विचारतो, "ताई, पुढचं काय ठरवलंय? तांबी, ऑपरेशन, की अजून मूल हवंय?" उत्तरं बहुतेक ठरलेली असतात. "सासूबाई म्हणतात, एक मुलगा होऊ द्या." "ह्यांना विचारावं लागेल." "जाऊबाई म्हणतात, तांबी काळजात जाते." घरातल्या सगळ्यांचं मत कळतं. बाईचं स्वतःचं मत मात्र तिसऱ्यांदा विचारल्यावर कळतं, तेही खालच्या आवाजात. आज त्या खालच्या आवाजाबद्दल बोलू.

किंमत कोण मोजतं?

गरोदरपणात हिमोग्लोबिन ११ च्या खाली गेलं की रक्तक्षय आणि ७ च्या खाली गेलं की तीव्र रक्तक्षय. अशा अशक्त अंगावर लगेच दुसरं गरोदरपण आलं, तर बाळंतपणातला रक्तस्राव जिवावर बेतू शकतो. म्हणून एका बाळंतपणानंतर पुन्हा दिवस राहण्याआधी किमान २ वर्षं जाऊ द्यावीत. "अजून एक होऊ द्या" म्हणणाऱ्यांचं रक्त कमी होत नाही. कमी होतं ते फक्त आपलं.

मुलासाठी बाईला बोल लावणंही चूक आहे. बाईच्या बीजात फक्त एक्स गुणसूत्र असतं, पुरुषाच्या बीजात एक्स किंवा वाय. मुलगा की मुलगी, हे पुरुषाच्या बीजावरून ठरतं. आणि गर्भलिंग तपासणं हा १९९४ च्या कायद्याने गुन्हा आहे.

बाबासाहेबांनी हे केव्हाच मांडलं

१० नोव्हेंबर १९३८ रोजी बाबासाहेबांच्या स्वतंत्र मजूर पक्षातर्फे पी. जे. रोहम यांनी मुंबई विधिमंडळात संततिनियमनाचा ठराव मांडला. तो मंजूर झाला नाही. पण बाईच्या अंगाला होणारा त्रास हा सभागृहात बोलण्याचा विषय आहे, हे त्या दिवशी ठरलं. पुढे जुलै १९४२ मध्ये नागपूरच्या महिला परिषदेत बाबासाहेबांनी आपल्या आया-आज्यांना सांगितलं की लग्नाची घाई करू नका, फार मुलं होऊ देऊ नका, नवऱ्याच्या बरोबरीने उभ्या राहा. शरीराचा निर्णय स्वतः घेणं हे घर मोडणं नव्हे. तो आपलाच वारसा आहे.

कागद काय म्हणतो?

"ऑपरेशनला नवऱ्याची सही आणा" असं अजून काही ठिकाणी सांगतात. सरकारी नियमात तशी अट नाही. स्त्री-नसबंदीसाठी बाईचं लग्न झालेलं असावं, वय २२ ते ४९ असावं आणि किमान एक मूल एक वर्षाहून मोठं असावं. सही तिची एकटीची पुरते.

गर्भपाताच्या बाबतीतही, कायद्याने ठरवलेल्या कारणांसाठी आणि मुदतीत, १८ वर्षं पूर्ण झालेल्या बाईची स्वतःची संमती पुरते. तिचं नाव गुप्त ठेवणं डॉक्टरांवर बंधनकारक आहे.

पर्याय कोणते?

सरकारी दवाखान्यात हे सगळं मोफत मिळतं. तांबी ५ वर्षांची आणि १० वर्षांची असते. ती गर्भाशयात बसवतात, तिथून काळजाकडे जायला वाटच नाही. सुरुवातीचे काही महिने पाळीत रक्त जास्त जाऊ शकतं, म्हणून रक्त कमी असेल तर सिस्टरला आधी सांगा. 'अंतरा' इंजेक्शन दर तीन महिन्यांनी घ्यायचं. ते थांबवल्यावर दिवस राहायला काही महिने लागू शकतात. 'छाया' गोळी पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा आणि नंतर एकदा घ्यायची.

पुरुषांची बिनटाक्याची नसबंदी बाईच्या ऑपरेशनपेक्षा सोपी आहे. तिने ताकद कमी होत नाही. मात्र पहिले तीन महिने निरोध वापरायचा आणि मग वीर्य तपासून घ्यायचं. हा विषय घरात काढायला लाजू नका.

स्वतःला तीन प्रश्न

एक, घरात कोणी काहीच बोललं नसतं, तर मी काय ठरवलं असतं?
दोन, याचा त्रास झाला तर तो कोणाच्या अंगावर येणार?
तीन, उद्या मन बदललं तर मागे फिरता येईल का? तांबी काढता येते, गोळी थांबवता येते. नसबंदी मात्र कायमची समजूनच करायची.

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर डळमळीत असेल, तर आज कायमचा उपाय नको. आज तांबी बसवा, पुढचं पुढे ठरवा.

आम्हांलाही खूश करू नका

नवऱ्याचं, सासूचं ऐकू नका आणि आमचं मुकाट ऐका, असं आम्ही म्हणत नाही. दवाखान्यातल्या कोणी "सही करून टाक" म्हणून घाई केली, तर "मला विचार करायचा आहे" एवढं म्हणा. ऑपरेशनच्या टेबलापर्यंत गेल्यावरही नको म्हणता येतं, आणि त्यामुळे दवाखान्याच्या बाकी सेवा बंद होत नाहीत. तुम्हांला मनापासून तिसरं मूल हवं असेल, तर तोही तुमचाच निर्णय. त्याआधी रक्त तपासा, अंतर ठेवा, एवढंच आमचं सांगणं.

सगळ्यांना विचारा, नवऱ्याशी तर नक्की बोला. तोही पोराचा बाप आहे. पण विचारणं वेगळं आणि परवानगी मागणं वेगळं. नकार दिल्यावर घरात मारहाण किंवा धमकी होत असेल, तर १८१ या महिला हेल्पलाइनवर फोन करा. एकटीला दवाखान्यात जायची भीती वाटत असेल, तर आशाताईला किंवा महिला मंडळातल्या मैत्रिणीला सोबत घ्या.

या महिन्यात मंडळाच्या बैठकीत हे पान मोठ्याने वाचा. सुनांसोबत सासवांनाही बसवा. त्यांच्या वेळी त्यांना कोणी विचारलं नव्हतं.