शब्दाला किती घ्याल?

इंदूरच्या कापड बाजारातला व्यापारी मीटरवर भाव सांगतो, म्हणून लिहिणाऱ्यालाही तो तसंच विचारतो, "भिया, एक शब्द का क्या लोगे?" आपण गडबडून "एक रुपया" म्हणून मोकळे होतो आणि पुढे महिनाभर हळहळतो.

शब्दाचा भाव सांगायला हरकत नाही, पण तो तासांतून काढलेला असावा. समजा, घरखर्च, विमा, शिल्लक धरून महिन्याला 40,000 रुपये लागतात. इंटरनेट, पेट्रोल, लॅपटॉपची झीज यांचे 5,000. पंचवीस दिवस राबलात तरी बिल लावता येईल असे तास रोजचे चारच निघतात. बाकीचे तास ग्राहक शोधण्यात आणि पैशांच्या तगाद्यात जातात. म्हणजे 100 तास, तासाला 450. आता विजयनगरच्या एखाद्या दवाखान्यासाठी 800 शब्दांचा लेख घ्या: डॉक्टरांशी बोलणं एक तास, वाचन एक, लेखन तीन, दुरुस्ती एक. सहा तासांचे 2,700, शब्दाला जवळपास 3 रुपये 40 पैसे. एक रुपयाने दिला असता, तर तासाला 133 पडले असते. आकडे तुमचे घाला; रीत हीच.

आपल्या मंडळींना आणखी एक फटका बसतो. "आप तो मराठी हो, मराठी में भी कर देना." हिंदी माहितीपत्रकाचं मराठी करणं हे वेगळं काम आहे, त्याचं बिलही वेगळं. नमकीनच्या पुड्यावर शेव मूठभर जास्त मिळते, तसं हे नाही.

जनसंपर्काचं काम महिन्याच्या ठराविक रकमेवर घ्यावं. दोन प्रेसनोट, वार्ताहरांशी फोन, कात्रणांची फाइल, असे वीस तास धरले तर 9,000. पत्रकार परिषदेचा हॉल, छायाचित्रकार, चहा-नाश्ता हा खर्च ग्राहकाचा, तोही आगाऊ. "छापून आलेल्या बातमीमागे इतके" असा सौदा मात्र करू नये. बातमी घ्यायची की नाही हे संपादक ठरवतो. हमखास जागा हवी असेल, तर ग्राहकाला वर्तमानपत्राच्या जाहिरात विभागाचा रस्ता दाखवावा. पूर्वी वृत्तपत्रात नोकरी केलेल्यांना अशा सौद्याचा मोह जास्त होतो.

हक्कांकडे बहुतेक जण बघतच नाहीत. 1957च्या कॉपीराइट कायद्यानुसार स्वतंत्रपणे काम करणाऱ्याच्या लेखनाचा हक्क त्याचाच असतो. तो द्यायचा तर लेखी आणि सहीनिशी. मुदत लिहिली नसेल तर पाच वर्षं, प्रदेश लिहिला नसेल तर भारत. ग्राहकाला कायमचे हक्क हवे असतील, तर मी तरी दीडपट सांगेन.

पैसे अडकतात ते शेवटी. निम्मे आगाऊ घ्या आणि उद्यम नोंदणी, म्हणजे लघुउद्योगांची सरकारी नोंदणी, करून ठेवा. ती फुकट होते. नोंदणी असल्यास लेखी करारातही 45 दिवसांपेक्षा जास्त मुदत चालत नाही, करार नसेल तर पंधराच. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज लागतं, आणि सरकारी पोर्टलवर तक्रार करता येते.

कोटेशन व्हॉट्सअ‍ॅपवर दिलं तरी चालेल, पण त्यात दुरुस्तीच्या फेऱ्या किती ते लिहा. दोन पुरेत. तिसरीपासून तासाचे 450.