मुलं सांभाळून मुलांसाठीचा व्यवसाय

प्रश्न : मला पाच आणि आठ वर्षांची मुलं आहेत. सोसायटीतल्या वाढदिवसांना मी बाहुल्यांचे खेळ करते. याचाच व्यवसाय करावासा वाटतो. पण त्याला मोठं भांडवल आणि पूर्ण वेळ लागतो, असं सगळे म्हणतात. हे खरं का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : सुरुवातीला दोन्ही लागत नाहीत. टेक्सासच्या शेरिल लीच यांना 'बार्नी' हा जांभळा डायनासोर १९८७ मध्ये सुचला, तो घरच्या लहानग्यासाठी. आधी व्हिडिओ कॅसेटी निघाल्या. अमेरिकाभर टीव्हीवर तो दिसला १९९२ मध्ये. त्यांना सासऱ्यांच्या कंपनीचं पाठबळ होतं, तुमचा पसारा मात्र एका पिशवीत मावतो.

आधी फक्त शनिवार-रविवारचे कार्यक्रम घ्या. उद्यम नोंदणी मोफत आहे. मुद्रा योजनेच्या शिशु गटात ५०,००० रुपयांपर्यंत कर्ज मिळू शकतं. सेवेची वार्षिक उलाढाल २० लाखांच्या आत असेल, तर सहसा जीएसटी नोंदणी लागत नाही.

दोन पथ्यं पाळा. छोटा भीमसारखी पात्रं परवानगीशिवाय वापरू नका, स्वतःची घडवा. मोज्याच्या बाहुलीला बटणाचे डोळे लावू नका, लहान मुलं बटणं तोडून तोंडात घालतात. डोळे दोऱ्यानं भरा.

आणि निम्मे पैसे आगाऊ घ्या, शेजारणीकडूनसुद्धा!