जादा तास आणि थकलेला मेंदू

धंदा म्हटला की मेहनत आलीच. पण किती तास, याचा हिशेब आपण क्वचितच ठेवतो. भिवंडी-मालेगावात यंत्रमागाची पाळी बारा तासांची. सहा दिवसांचे ७२ तास झाले. दुकानदारांचे तास याहून फार कमी नसतात.

जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी २०२१ मध्ये संयुक्त अभ्यास प्रसिद्ध केला. आठवड्याला ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांपेक्षा ५५ किंवा अधिक तास राबणाऱ्यांना मेंदूच्या झटक्याचा धोका सुमारे ३५ टक्के जास्त आढळला.

झटका ही पुढची गोष्ट. नुकसान त्याआधीच सुरू होते. जादा तास प्रथम झोप खातात. सलग १७ तास जागा असलेला माणूस हात-डोळ्यांच्या चाचणीत रक्तात ०.०५ टक्के मद्य असलेल्यासारखा चुकतो, असे ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी १९९७ मध्ये दाखवले. म्हणजे फजरसाठी पाचला उठलेला, दारूला कधीही न शिवलेला कारागीर रात्री दहाला याच अवस्थेत यंत्रावर असतो! मग बोटाला इजा होते, माप चुकते, उधारी लिहायची राहते. गिऱ्हाइकावर आणि घरी मुलांवर चिडचिड होते. हळूहळू उदासी येते.

सर्वांत वाईट म्हणजे थकलेल्या मेंदूला आपला थकवा नीट उमगत नाही. "मला सवय आहे" असे तो म्हणतो. म्हणून काम अंगाच्या अंदाजावर नव्हे, घड्याळावर थांबवावे. आम्ही सुचवतो :

१) मोठी खरेदी, उधारीचा निर्णय आणि कापडाची कापणी सकाळी करावी. रात्रीचा हिशेब दुसऱ्या दिवशी पुन्हा तपासावा.

२) सात तास झोप घ्यावी. रात्री मोबाइलवर ऑर्डरी घेऊ नयेत.

३) आठवड्याची सुट्टी खरोखर सुट्टी असावी; तो दिवस दुरुस्ती-वसुलीत घालवू नये.

४) उदासी किंवा निद्रानाश दोन आठवडे टिकला तर डॉक्टरांना दाखवावे. २०२२ मध्ये सुरू झालेल्या सरकारी 'टेली-मानस' सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मोफत सल्ला मिळतो.

मागावरच्या कामगाराची मजुरी कापडावर ठरते. तास घटले की त्याच्या चुलीवर परिणाम होतो. त्यामुळे हा धडा आधी कारखानदारांनी गिरवावा. पाळीत विसावा द्यावा आणि कमी तासांत घर चालेल असा दर द्यावा. डागी कापड आणि अपघात यांचा खर्च मांडून पाहिला, तर हा सौदा तोट्याचा वाटणार नाही.