आधी पडायला शिका

ऑगस्ट १९४३. भारत-ब्रह्मदेश सीमेवरच्या नागा टेकड्यांत अमेरिकेचं सी-४६ विमान कोसळलं. जखमींपर्यंत जायला वाट नव्हती, म्हणून लष्करी डॉक्टर डॉन फ्लिकिंजर आणि दोन वैद्यकीय सहायक पॅराशूटने थेट जंगलात उतरले. अमेरिकी हवाई दलाची पॅरारेस्क्यू शाखा आपलं मूळ तिथे मानते. आजच्या जवानाचं प्रशिक्षण जवळजवळ दोन वर्षं चालतं. पण घोटा मोडून घेतला, तर वाचवायला आलेलाच जखमींत जमा. म्हणून उडीच्या आधी पडणं शिकतात, तेही जमिनीवर, बुटक्या चौथऱ्यावरून, शिक्षकासमोर. घरी करून पाहू नये.

पॅराशूटची गोल छत्री सेकंदाला साडेपाच-सहा मीटर वेगाने खाली आणते. पावणेदोन मीटरवरून उडी मारावी, तसा दणका.

१. पाय आणि गुडघे घट्ट जुळवा, गुडघे किंचित वाकवा. पाय फाकले, तर सगळा भार एकाच घोट्यावर येतो.

२. हनुवटी छातीला टेकवा. छत्रीचे पट्टे दोन्ही हातांनी धरून कोपरं पुढे, अंगालगत घ्या. आधाराला हात टेकू नका, मनगट जातं.

३. नजर क्षितिजावर. इथेच बहुतेक जण चुकतात. जमीन येताना दिसली, की पाय आपोआप तिच्याकडे ताणले जातात, आणि ताठ पाय मोडतो.

४. चवडे टेकताक्षणी वारा नेतोय त्या कुशीवर अंग सोडा. चवडा, पोटरी, मांडी, कुल्ला, मग पाठीची बाजू, याच क्रमाने. दणका पाच ठिकाणी वाटला जातो. वळण अंगात भिनेपर्यंत हे शेकडो वेळा करावं लागतं, आणि ते कंटाळवाणं काम मला उडीहून मोठं वाटतं.

५. वारा असेल, तर छत्रीची एका बाजूची कडी लगेच सोडा, नाहीतर ती फरफटत नेते.

६. आता जखमी. हातापायातून रक्ताची धार लागली असेल, तर श्वासाच्याही आधी ती थांबवायची. जखमेच्या वर चार बोटं, सांधा टाळून, आवळपट्टा बांधा आणि धार थांबेपर्यंत त्याची दांडी पिळा. दुखतं म्हणून सैल करू नका.

७. पट्टा बांधल्याची वेळ त्याच्यावरच पेनाने लिहा. पुढचा डॉक्टर आधी तीच बघतो.