दुधाच्या दाढेवर पोलादी टोपी

“दुधाचे दात काय, आज ना उद्या पडणारच, त्यांवर खर्च कशाला?” हा प्रश्न फलटण शहरात काय किंवा तालुक्यातील वाड्यावस्त्यांत काय, घरोघर ऐकू येतो. वरवर पाहता तो रास्तही वाटतो. परंतु थोडे गणित मांडले असता त्यातील उणीव ध्यानी येते. ते गणित विद्यार्थ्यांपुढे व त्यांच्या पालकांपुढे ठेवण्याचे आम्ही योजिले आहे.

बालकास एकंदर 20 दुधाचे दात येतात. पहिला दात साधारणतः सहाव्या महिन्यात दिसतो व अडीच-तीन वर्षांत सर्व दात येऊन चुकतात. पुढचे दात सहाव्या-सातव्या वर्षी पडू लागतात. मागच्या दाढा मात्र 10 ते 12 व्या वर्षापर्यंत टिकावयाच्या असतात. म्हणजे पाचव्या वर्षी किडलेल्या दाढेला अजून पाच ते सात वर्षे चाकरी करावयाची असते. प्राथमिक शाळेचा अवघा काळ तिच्यावरच घास चावावयाचा!

आपला तालुका उसाच्या मळ्यांचा. गोडाचे आपल्याला वावडे नाही. तोंडातील सूक्ष्म जंतू साखरेपासून आम्ल तयार करतात व ते आम्ल दाताचे कठीण कवच विरघळविते. दिवसातून एकदा जेवणाबरोबर खाल्लेल्या गोडापेक्षा घडोघडी चघळलेली गोळी, बिस्कीट, किंवा झोपेत तोंडात राहिलेली दुधाची बाटली अधिक घातक होय. दुधाच्या दाताचे कवच पातळ असल्याने कीड लवकरच आतील गरापर्यंत पोहोचते. मग ठणका, सूज, अन्न न जाणे, झोपमोड व शाळेचा खाडा हे सारे ओघानेच येते. मुळाशी झालेला पू खाली वाढणाऱ्या कायमच्या दातासही क्वचित बाधतो. दाढ अकाली काढावी लागली, तर बांध मोडलेल्या शेतात शेजारी सरकावा तसे बाजूचे दात त्या जागेत सरकतात आणि कायमचा दात वाकडा येतो.

अशा दाढेत केवळ मसाला भरला तर तो पुष्कळदा निखळतो, कारण उरलेल्या भिंती कमकुवत असतात. यास्तव दंतवैद्य संपूर्ण दाढेवर स्टेनलेस स्टीलची टोपी बसवितात. हिलाच इंग्रजीत क्राऊन म्हणतात. लोखंडात क्रोमियम व निकेल मिसळून हे पोलाद होते; क्रोमियममुळे त्यावर एक अतिसूक्ष्म थर धरतो व लाळेतही गंज चढत नाही. टोप्या निरनिराळ्या मापांत तयार मिळतात. सन 1950 च्या सुमारास त्या बालदंतवैद्यकात प्रचारात आल्या. नेहमीच्या रीतीत दाढ बधिर करून कीड काढतात, दाढ किंचित घासतात व योग्य मापाची टोपी सिमेंटने चिकटवितात. कीड गरापर्यंत गेली असेल, तर आधी गरावर उपचार करतात.

स्कॉटलंडमधील दंतवैद्य नॉर्ना हॉल यांनी याहून सोपी रीत अवलंबिली. सुई नाही, यंत्राने कोरणे नाही. सिमेंट भरलेली टोपी दाढेवर ठेवून ती दाबून, किंवा मुलाकडूनच चाववून, बसवावयाची. कीड आत कोंडली गेली, तिची साखरेची रसद तुटली, की तिची वाढ खुंटते. हे ऐकून कित्येक दंतवैद्यांनी प्रथम शंका घेतली व ते योग्यच झाले. म्हणून 132 मुलांच्या एका दाढेवर टोपी व दुसरीत नेहमीचे भरण अशी तुलना करण्यात आली. सन 2007 मध्ये दोन वर्षांचे व सन 2011 मध्ये पाच वर्षांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. दोन्ही वेळी टोपीचीच सरशी झाली. शास्त्रात शंका आणि परीक्षा या दोहोंना मान असतो, तो असा. मात्र ज्या दाढेला आपोआप ठणका लागतो, किंवा जिच्या हिरडीवर पुवाची पुळी दिसते, तिला ही रीत चालत नाही. ते दंतवैद्यानेच ठरवावे.

टोपी बसल्यावर प्रथम चावताना ती उंच लागते. काही आठवड्यांत दात आपोआप जुळतात. रंग रुपेरी असल्याने काही मुले लाजतात. परंतु ती बहुधा मागच्या दाढांवर असल्याने सहसा दिसत नाही, व पांढऱ्या टोप्याही मिळतात, मात्र त्या महाग पडतात. निकेलची ॲलर्जी असल्यास आधी सांगावे. पुढे दाढ पडते तेव्हा टोपी तिच्याबरोबरच पडते. काढण्याचा वेगळा त्रास नाही.

पालकहो, आपल्या जिल्ह्यात कराड येथे व शेजारी सांगलीस दंतमहाविद्यालये आहेत; तेथे मुलांच्या दातांचे स्वतंत्र विभाग असतात. ठणका लागण्याची वाट न पाहता, काळा डाग अथवा खळगा दिसताच मुलास दाखवावे. आणि विद्यार्थ्यांनो, टोपी हा उपाय आहे, कवच नव्हे! रात्री निजण्यापूर्वी व सकाळी फ्लोराईडयुक्त पेस्टने दात घासावे. तीन ते सहा वर्षांच्या धाकट्या भावंडांस वाटाण्याएवढी पेस्ट पुरते, त्याहून लहानांस तांदळाच्या दाण्याएवढी. त्यांचे दात मोठ्यांनीच घासून द्यावेत. जो दात पुढे पडणार आहे, त्यालाही पडेपर्यंत सुखाने राहण्याचा हक्क आहे; कारण त्याचे दुखणे भोगावयाचे ते एका मुलालाच.