जुन्या जीपगाडीस चाके व टायर कोणते बसवावेत?

बैलगाडीच्या चाकास धाव चढविणारा लोहार प्रथम चाकाचा घेर मोजतो, धाव त्याहून किंचित लहान घडवितो, ती तापवून बसवितो व पाण्याने निववितो. जुनी जीप घेणारी मंडळी मात्र रुंद टायरांची शोभा पाहूनच भुलतात.

विलिस जीप मुंबईत जोडण्यास महिंद्र कंपनीने १९४७ साली आरंभ केला. त्या गाडीस ६.००-१६ या मापाचे टायर असत. यातील ६ ही टायरची रुंदी व १६ हा रिमचा व्यास, दोन्ही इंचांत. तशा जुन्या टायरची उंची ढोबळ मानाने रुंदीइतकीच धरावयाची. म्हणून एकंदर व्यास १६ + ६ + ६ = २८ इंच, व परीघ ८८ इंच. मैलाचे इंच ६३,३६०. तेव्हा एका मैलास चाकाचे बरोबर ७२० फेरे! आता ७.००-१६ चा टायर घातला, तर व्यास ३० इंच होतो. वेगाचा काटा ५६ वर असता गाडी प्रत्यक्षात ६० च्या वेगाने धावते. चालकास हे ठाऊक नसेल, तर वळणावर काय होईल ते पालकांस सांगणे नलगे. इंजिनाची ओढ घटते ती वेगळीच.

चाकास भोके पाच. समोरासमोर भोक नसल्याने त्यांच्या वर्तुळाचा व्यास सरळ मोजता येत नाही. येथे भूमिती उपयोगी पडते. लगतच्या दोन भोकांच्या मध्यबिंदूंतील अंतर घेऊन त्यास १.७ ने गुणावे. जीपचे हे अंतर सव्वातीन इंचांहून जरा कमी भरते, म्हणजे व्यास साडेपाच इंच. भिन्न मापाचे चाक भोके कोरून बसवून देणारे कारागीर भेटतात. त्यांच्या वाटेस जाऊ नये. अनेक जुन्या जीपांच्या डाव्या चाकांचे नट उलट्या आट्यांचे असतात. हे ध्यानी नसले, तर जोर लावता लावता बोल्टच तुटतो.

चारही टायर एकाच मापाचे व सारखे झिजलेले असावेत. चारही चाकांस शक्ती जोडली असता पुढचे व मागचे फेरे जुळले नाहीत, तर दंतचक्रांवर ताण पडतो. शिवाय आपल्या हिमायतनगरच्या काळ्या जमिनीत पावसाळी चिखल मडगार्डाखाली थापला जातो. रुंद टायरने तेथील फट आधीच व्यापली असली, की चाक जाम होते.

जुन्या बाजारातला टायर घेताना त्याच्या अंगावरील चार आकडे वाचावेत. २००० सालापासून पहिले दोन आठवडा व पुढचे दोन वर्ष दर्शवितात. २३१८ म्हणजे २०१८ चा तेविसावा आठवडा. तीनच आकडे दिसले, तर तो टायर गेल्या शतकातला. नक्षी कितीही खोल असो, तो घेऊ नये.